तांडेलाचा शेवटचा टप्पा

“मरू दे तो टीव्ही! उठा आधी. दारात नाखवा उभा हाय,” नीराबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून ओरडली.

“उभा हाय तर ऱ्हाऊ दे उभा,” हरेश्वर म्हणाला. त्याने पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही.

नाखवा म्हणजे बोटीचा मालक, आणि हा मालक म्हणजे हरेश्वरच्या मेलेल्या भावाचा मुलगा विनेश. परवानगी न घेता तो आत आला. त्याच्या हातात सोललेला शेंडीवाला नारळ होता. त्याच्यामागे बोटीचा नवा तांडेल भिकू होता, पण तो ओट्यावरच थांबला. भिकूला बघितलं आणि हरेश्वरच्या कपाळाची शीर उडायला लागली.

“काका, दोनला भरती हाय,” विनेश म्हणाला. “खलाशी सगळे धक्क्यावर बसून हायत. तुमच्या हातचा नारळ मिळाल्याशिवाय एक पण बोटीवर चढत न्हाय.”

कोळीवाड्याची रीतच तशी होती. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बदलला की जुन्याने नव्याच्या हातात नारळ ठेवायचा आणि नव्याने तो खाडीच्या तोंडाशी दर्याला द्यायचा. जुन्याचा नारळ मिळाल्याशिवाय बोटीवर कोणी पाय ठेवत नसे. विनेशचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण खलाशांचा होता, म्हणून त्याला झक मारत काकाच्या दारी यावं लागलं होतं.

“नारळ देतो. आत्ता देतो,” हरेश्वर म्हणाला. “तुज्या नव्या तांडेलाला सांग, मे महिन्यात काय झालं ते तुज्यासमोर बोल. एवढंच बोल. मग घेऊन जा नारळ.”

ओट्यावरच्या भिकूने तोंड फिरवलं. बाहेर कोणीतरी चाललंय असं दाखवत तो रस्त्याकडे बघत राहिला.

मे महिन्यात झालं होतं ते असं. हरेश्वरला तांडेलकीच्या अठ्ठावीस वर्षांची सवय होती, बंदर सोडताना आणि जाळं ओढायला घेताना प्रत्येक खलाशाला नावाने हाक मारायची, आणि ‘ओ’ आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. तरणी पोरं त्याला हसायची, शाळेतली हजेरी म्हणायची. त्या पहाटे अर्धं जाळं वर आलं असताना त्याने हाका मारल्या आणि भिकूची ‘ओ’ आली नाही. त्याने विचार केला नाही. जाळं कापलं, बोट फिरवली, आणि पाव तास शोधून बुडता भिकू केसाला धरून वर काढला. नवं कोरं जाळं दर्यात गेलं. विनेश पिसाळला. तेव्हा भिकू म्हणाला, मी तर वरच पोहत होतो, मागच्या बोटीने उचललंच असतं मला, काका उगीच घाबरले. आठ दिवसांत हरेश्वर घरी बसला आणि सुकाणू भिकूला द्यायचं ठरलं. लगेच पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली, म्हणून भिकूची पहिली फेरी आज होती. माणसाने एवढं नीच असावं का, हा प्रश्न हरेश्वरने तीन महिने स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर दर वेळी ‘असतं’ हेच आलं होतं.

पनवेलला दिलेली त्याची मुलगी साक्षी जूनमध्ये आली. बापाचा चेहरा बघून नवऱ्याचं जुनं गेमचं यंत्र तिने टीव्हीला जोडून दिलं. “बाबा, डोकं तरी गुंतंल,” म्हणाली. गेम अंतराळातला. तुम्ही एका जहाजाचे कप्तान, सात जणांचा ताफा, आणि एकेका ग्रहावर जाऊन कामगिरी करायची. इंग्रजी वाक्यं आली की हरेश्वर मोबाईल पडद्यासमोर धरायचा आणि त्यातल्या भाषांतराच्या ॲपमधली बाई ती मराठीत वाचून दाखवायची. खेळायला तीस तास पुरतात असं जावई म्हणाला होता. हरेश्वरला ऐंशी लागले, कारण प्रत्येक कामगिरीआधी तो सबंध जहाज फिरायचा, सातही जणांशी बोलायचा, कोणाची आई आजारी आहे, कोणाचं कोणाशी बिनसलंय ते सगळं ऐकून घ्यायचा. जावयाला ते बिनकामाचं वाटलं. पण त्या जहाजावर अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच हरेश्वरच्या या सवयीला कोणी हसत नव्हतं.

वाडीत मात्र हसत होते. म्हातारा पोरांचा खेळ खेळतो म्हणून नळावर बायका नीराबाईला टोमणे मारायच्या, आणि नीराबाई ते सगळे घरी आणून नवऱ्याच्या अंगावर टाकायची.

आज शेवटचा टप्पा होता. त्याला एकच हवं होतं, सातही जण जिवंत घरी न्यायचे.

“काका, बंद करा ना ते!” विनेशचा आवाज चढला. “लाज वाटते माला. लोक काय बोलतात ठाऊक हाय?”

“गप बस.”

पडद्यावर जहाज निघायच्या बेतात होतं. ग्रहावरच्या तळाला आग लागली होती आणि इल्को नावाचा मेकॅनिक बाहेर अडकला होता. खाली दोन पर्याय आले. हरेश्वरने घाईघाईने मोबाईल धरला. “दार बंद होण्यापूर्वी निघा. किंवा मागे वळा,” बाई म्हणाली. शेजारी आकडे उलटे पळत होते.

हरेश्वरने जहाज मागे वळवलं. ते धुरात शिरलं. इल्को कुठे दिसेना.

“इल्को! ए इल्को! ओ दे रे!” तो टीव्हीवर ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

“त्याला न्हाय ऐकू जात, काका,” दारातून भिकू म्हणाला. तो केव्हा उंबऱ्याच्या आत आला होता, कोणालाच कळलं नव्हतं. त्याचे डोळे पडद्यावर होते. “माला तरी कुठं आली व्हती हाक. खाली काळोख व्हता सगळा. छाती फुटत व्हती.”

हरेश्वरने खेळ थांबवला.

विनेश भिकूकडे वळला. “तू तर बोललास, वरच पोहत व्हतो.”

भिकूने मान खाली घातली. अंगठ्याने तो जमिनीवरचा नसलेला चिखल उकरत राहिला.

या क्षणासाठी हरेश्वर तीन महिने जगला होता. विनेश हात जोडेल, काका चुकलं म्हणेल, धक्क्यावर सगळ्यांसमोर सुकाणू परत हातात देईल, असं त्याने किती वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं. विनेशने घड्याळ बघितलं.

“बरं, ते झालं गेलं,” तो म्हणाला. “सव्वा वाजला, काका. बोलला ना तो? आता द्या नारळ.”

हरेश्वरला वाटलं, नारळ याच्याच टाळक्यात घालावा. खरंच वाटलं. पण नारळ कबूल केलेला होता, शब्द त्याचाच होता. तो गुडघे धरत उठला, नारळ घेतला आणि भिकूच्या ओंजळीत ठेवला.

“निघताना एकेकाला नावानं हाक मार. ओ आल्याबिगर दोर सोडू नको.”

“व्हय, काका.” भिकू पायाशी वाकला. हरेश्वरने पाय मागे घेतले.

“जा. भरती चुकवशील.”

ते गेले. दार लोटून हरेश्वर पुन्हा टीव्हीसमोर बसला आणि खेळ सुरू केला. धुरातून इल्को सापडला. सातही जण जहाजात आले, दार मिटलं, मागचा तळ फुटला. हरेश्वरने एकेक चेहरा मोजला, दोनदा मोजला, आणि लहान पोरासारखा मांडीवर थापा मारून हसला. इतका निखळ आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मग इल्कोने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि कप्तानाकडे बघून काहीतरी म्हणाला. हरेश्वरने मोबाईल धरला.

“तुम्ही परत आलात, कप्तान. दुसरं कोणी आलं नसतं,” बाई म्हणाली.

नीराबाई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. नळावरचे सगळे टोमणे तिने ऐकले होते, भिकूचं बोलणंही आतून ऐकलं होतं.

“ते परत लावा,” ती म्हणाली.

“न्हाय लागत. एकदाच बोलतो तो.”

ती आत आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. “मग तुमीच सांगा, काय बोलला तो.”

हरेश्वरने तोंड उघडलं. पण भिकूकडून ऐकायचं राहून गेलेलं ते वाक्य त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणता येईना.