पुढे गेलेली पावलं

डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सहाच्या सुमाराला, सुनंदा मगदूम यांच्या पावलांचा आवाज त्यांना सोडून पुढे निघून गेला.

मिरजेहून मालगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या किलोमीटरला हे झालं. सुनंदाबाई धावतच होत्या. पाय उचलले जात होते, टेकत होते. पण आवाज पायाखाली नव्हता. तो आधी हातभर पुढे होता, मग चार हात, मग उसाच्या ट्रॉलीच्या पलीकडे. त्यांनी जोर लावून बघितला. आवाज त्याच्या नेहमीच्या चालीनं, किलोमीटरला साडेआठ मिनिटं, पुढे जात राहिला. आणि त्याच्या मागोमाग नऊ बायका सुनंदाबाईंना वळसा घालून निघून गेल्या.

या नऊ बायका कोण, ते आधी सांगायला हवं. मॅरेथॉनमध्ये काही जण हातात झेंडा घेऊन धावतात. झेंड्यावर वेळ लिहिलेली असते. ज्याला तेवढ्या वेळात पोचायचं असेल त्यानं त्या झेंड्यामागं धावावं. झेंडेवाल्याला पेसर म्हणतात आणि मागच्या घोळक्याला बस. सुनंदाबाईंची बस सहा तासांची. बेचाळीस किलोमीटर सहा तासांत, म्हणजे स्पर्धेतली शेवटची बस. ती चुकली की पदक नाही, नाव नाही, रस्त्यावरची पाण्याची पिंपंसुद्धा उचललेली असतात.

सुनंदाबाईंनी एकतीस वर्षं वॉर्डात पेशंटच्या नाड्या मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या धावायला लागल्या, आणि पहिल्याच वर्षी लोकांना कळलं की या बाईच्या पायात चूक नाही. ऊन असो, चढ असो, पाऊल ठरल्या क्षणीच पडायचं. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सिस्टरच्या बसचे नियम दोन. पहिला, घड्याळ चालणार नाही. नऊच्या नऊ घड्याळं काढून सिस्टरच्या कापडी पिशवीत जमा व्हायची. "घड्याळ बघणारीचं अर्धं लक्ष घड्याळात, अर्धं घरच्या कुकरात," त्या म्हणायच्या. "मग धावायला कोण उरलं? डोळे नकोत, कान द्या. माझी पावलं ऐका." दुसरा नियम, मैदानावर परतल्यावर सिस्टर 'बस थांबली' म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही. फेऱ्या मारत राहायचं.

त्या मंगळवारी नऊ जणी मैदानाला चार मिनिटं फेऱ्या मारत होत्या. सिस्टर फाटकातून आत आल्या आणि म्हणाल्या, "बस थांबली." आधी आवाज थांबला, मग बायका थांबल्या.

"सिस्टर, तुम्ही मागनं कशा आलात?" नसीम शिकलगारनं विचारलं.

"तुम्ही कुणाच्या मागं होता?"

"तुमच्या."

"मी मागं होते की गं."

"ते दिसलं. पण आवाज पुढं होता. तुम्हीच सांगितलंय, डोळे नकोत."

शिकवलेलं पोरींनी चोख केलं होतं.

नसीमच्या घरी तंबोरे बनतात. ती भोपळे घासते आणि जवारी लावते. म्हणजे तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवत आवाज खुलेपर्यंत ऐकत बसते. कान पक्का, पाय कच्चे. पहिल्या वर्षी तिची मॅरेथॉन चाळीस सेकंदांनी हुकली, दुसऱ्या वर्षी तीन मिनिटांनी. पुढच्या वर्षापासून मर्यादा साडेपाच तासांची होणार होती. म्हणजे नसीमला संधी होती ती यंदाच. "यंदा तुला पोचवते," असं सिस्टरनी तिला सांगितलं होतं. रुग्णाला असं कधी सांगू नये हे त्यांना माहीत होतं, तरी सांगितलं होतं.

डॉक्टरांनी सिस्टरचं रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. सगळं उत्तम. "वयाच्या मानानं फारच छान," डॉक्टर म्हणाले. सिस्टरनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. रिपोर्ट चांगला आला की नातेवाईक हसतात. पेशंट हसतोच असं नाही.

घरी धनपाल मगदूम होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. रोज सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बायकोचं पाऊल वाजलं की ते चहाचं आधण ठेवायचे. त्या आठवड्यात चहा झालाच नाही. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि ते पेपर वाचत असायचे.

"अहो."

धनपालराव दचकले. "कधी आलीस?"

"मघाच."

"मांजर तरी बरं." त्यांनी चष्मा काढला. उठून माळ्यावरचा वजनकाटा खाली घेतला, पुसला, आणि तिला बुटांसकट उभं केलं. "अठ्ठावन्न किलो. वजन भरतंय. नुसता आवाज नाही." मग काटा परत ठेवत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू आलीस हे मला कळत नाही, सुनंदा."

महिनाभरात अंतर वाढत गेलं. दहा किलोमीटरला अकरा मिनिटं. वीसला अर्धा तास. आवाज मैदानावर वेळेत पोचायचा आणि सिस्टर येईपर्यंत फेऱ्या मारत राहायचा, आणि नऊ बायका त्याच्यामागं. सिस्टर जितक्या मंद होत, तितक्या बायका जास्त धावत. त्यामुळं झालं असं की बायका तयार होत गेल्या. नसीमच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. मागच्या रांगेतली नसीम मधल्या रांगेत आली, मग पहिल्या.

आणि सिस्टरना, मागून एकट्या येताना, आजवर कधीच न मिळालेली एक गोष्ट मिळाली. त्यांना स्वतःची चाल ऐकायला मिळाली.

पायाखाली असताना ती कुठं ऐकू येते? तेव्हा श्वास असतो, घाम असतो, मागच्या बायकांची काळजी असते. आता द्राक्षबागांच्या पलीकडून ती सरळ, स्वच्छ यायची. चढावर ती जड होत नव्हती. उतारावर घाईला येत नव्हती. म्हैसाळच्या फाट्याला ट्रक आडवा आला तर ती जागच्या जागी पडत राहायची, एकही ठोका न गाळता, आणि ट्रक गेला की पुढे. एकदा तर सिस्टर रस्त्याच्या कडेला उभ्याच राहिल्या, कमरेवर हात ठेवून. अशी नाडी त्यांनी एकतीस वर्षांत एखाद्याच मनगटाला बघितली होती. वॉर्डातल्या नव्या पोरींना मुद्दाम हाका मारून बोलवावं, 'या गं, बोट ठेवून बघा, तब्येत म्हणजे काय ते कळेल,' अशी.

"पावलांना जवारी लागलीय, सिस्टर," नसीम म्हणाली. "पूर्वी चांगलीच होती. आता बोलते."

"माझ्याशिवाय लागली."

नसीमनं बुटाची नाडी सोडून परत बांधली. "आमचे अब्बा म्हणायचे, बोट मध्ये असलं की तार नीट वाजत नाही."

"फार शहाणे होते तुझे अब्बा."

"घरात कुणाचं त्यांच्याशी पटायचं नाही," नसीम म्हणाली.

जानेवारीच्या शेवटी सिस्टरनी एक प्रयत्न केला. त्यांनी पिशवी उघडली, नऊ घड्याळं परत वाटली आणि म्हणाल्या, "आज आवाजाच्या मागं जायचं नाही. मला बघा. माझ्यामागं या." बायका आल्या. आवाज पुढे निघून गेला आणि दहा जणींचा घोळका मुकाट्यानं चालल्यासारखा धावत राहिला. नऊ जणींची पावलं वाजत होती, पण विस्कटलेली, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी. पाचव्या किलोमीटरला सगळ्या जणी मनगटाकडं बघायला लागल्या. आठव्याला दोघींचं भांडण झालं. बाराव्याला नसीम थांबली.

"सिस्टर, या हिशेबानं सात तास वीस मिनिटं होतात."

"माहीत आहे."

"तिकडं बरोबर चाललंय." तिनं बागांकडं बोट दाखवलं. तिचे डोळे भरले होते. "मला दोन्हीकडं कसं जाता येईल?"

सिस्टरनी पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं. एकेक करून नऊ घड्याळं आत पडली.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे पाचला, सुरुवातीच्या कमानीखाली, सिस्टरनी सहा तासांचा झेंडा नसीमच्या हातात दिला.

"हा तुमचा आहे," नसीम म्हणाली.

"झेंडा बसबरोबर असतो. आणि ऐक, मी कुठं आहे ते बघायला मान वळवायची नाही. मान वळली की पाय वळतो."

शिट्टी झाली. पहिला किलोमीटर आवाज सिस्टरच्या पायाखाली होता. त्यांनी तो जपून, हातात भरलेली वाटी धरावी तसा नेला. मग तो पुढे सरकला. झेंडा बारीक होत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

दहाव्या किलोमीटरला संत्र्याच्या फोडी वाटणारी बाई म्हणाली, "तुम्ही मघाशी गेलात की." विसाव्याला पाणीवाले पिंपं उलटी करत होते. एकानं राहिलेलं अर्धं भांडं त्यांना दिलं आणि विचारलं, "बाई, चप्पल घातलीय का अनवाणी? कायच वाजत नाही." तिसाव्याला रस्ता वाहनांना खुला झाला. सिस्टर कडेच्या मातीतून धावत राहिल्या. ऊन चढलं. मोटारींच्या भोंग्यांतून, दवाखान्यांच्या गर्दीतून, लग्नाच्या बँडमधून तो आवाज त्यांना येत होता. बँड चुकत होता, आवाज चुकत नव्हता. अडतिसाव्याला त्यांच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत.

बारा वाजून वीस मिनिटांनी त्या मैदानाच्या फाटकाशी आल्या. कमानीतली हवा काढली होती आणि दोन माणसं ती चादरीसारखी घडी घालत होती. फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर धनपालराव बसले होते. मांडीवर थर्मास होता.

"पोचल्या?" सिस्टरनी विचारलं.

"दहा अठ्ठावन्न. वर चाळीस सेकंद. नऊच्या नऊ."

"नसीम?"

"झेंडा घेऊन सगळ्यांत पुढं." ते थर्मासच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "मला तुझी पावलं ऐकू आली. रस्त्याच्या वळणापासून. मी उठून उभा राहिलो."

"मग?"

"मग तू नव्हतीस. परत बसलो."

मैदानात नऊ बायका फेऱ्या मारत होत्या. संयोजकांनी धावत धावत त्यांच्या गळ्यात पदकं घातली होती, कारण त्या थांबेनात. जवळजवळ दीड तास झाला होता. पदकं छातीवर एकदम उडत होती, एकदम पडत होती. कुणाच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता. चांगलं गाणं चालू असताना माणसाचा चेहरा होतो तसे नऊ चेहरे झाले होते. आणि त्यांच्या पुढे, रिकाम्या दोन हात जागेत, पावलं पडत होती.

सिस्टर चुन्याच्या रेघेशी गेल्या. 'बस थांबली' एवढंच म्हणायचं होतं. रोज म्हटलं की आवाज जिथं असेल तिथं थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत रस्त्यावर भेटायचा. पण उद्या सराव नव्हता. परवाही नव्हता. आज थांबला तर तो परत कधी, कुठं भेटणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घोळका पलीकडचं वळण घेऊन इकडच्या बाजूला लागला. नसीमनं झेंडा उंच धरला होता. तिनं सिस्टरकडं बघितलं नाही. मान सरळ, कान पुढे.

"बाजू, बाजू! बस येतेय!" ती ओरडली.

धनपालराव खुर्चीवरून उठून उभे राहिले.

सिस्टर बाजूला झाल्या नाहीत, 'बस थांबली'ही म्हणाल्या नाहीत. त्या रेघेच्या आत गेल्या, घोळक्याकडे पाठ केली आणि धावायला निघताना उभं राहतात तशा उभ्या राहिल्या. आवाज मागून येत होता. वीस हात, दहा हात, चार. त्यांनी उजवा पाय उचलला आणि आवाज त्याच्याखाली येईपर्यंत तसाच अधांतरी धरून ठेवला.