न लवलेली पापणी

"मॅडम, तुम्हाला स्वतःला किती दिसतं?"

भूमिकाने विचारून टाकलं. रोह्याच्या या डोळ्यांच्या डॉक्टरांचा चष्मा भलताच जाड, आणि हे विचारून दाखव अशी पेणच्या शाळेतल्या मैत्रिणींची पैज होती. मॅडम हसल्या. चष्मा लावला की सगळं दिसतं म्हणाल्या, आणि तिचा बरा डोळा झाकून तिला समोरचा तक्ता वाचायला लावला. वरच्या दोन ओळी जमल्या. खालची अक्षरं पाण्यात विरघळल्यासारखी.

कबड्डीच्या सरावात शीतलचं नख डोळ्यात गेलं होतं. पप्पा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर वेल्डिंग करतात. तिथे डोळे चुरचुरले की शिफ्टभर थेंबांची एकच बाटली हातोहात फिरते. त्यांनी तीच घरी आणली. थेंब पडला की दुखणं गायब, म्हणून भूमिका ती खिशात घेऊनच हिंडायची. शनिवारच्या सामन्यात पहिली चढाई तिचीच होती ना! डोळा लालच राहिला, म्हणून आईने इथवर ओढत आणलं.

मॅडमनी कापूस वातीसारखा वळून त्याचं टोक दुखऱ्या डोळ्याच्या बुबुळाला लावलं. भूमिकाची पापणीसुद्धा लवली नाही. आता शाबासकी मिळणार, असं तिला वाटलं. पण मॅडमचं हसू मावळलं. बऱ्या डोळ्याला टोक लावलं, तर तो फटकन मिटला.

म्हणजे बरा डोळा भित्रा आणि आजारी डोळा शूर? भूमिकाला काही कळेना.

थेंब कोणते टाकतेस, असं मॅडमनी विचारलं. तिने बाटली दाखवली.

"हे डोळा सुन्न करतात. तपासायला मीही टाकते, पण एकदाच. सारखे टाकलेस तर जखम भरणार नाही, उलट खोल जाईल. नजर जाऊ शकते."

दुखतच नाही, तर खोल कशी जाईल? मॅडमनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा उजेड पाडला आणि पडद्यावर फोटो दाखवला. नखाचा ओरखडा कुठला, बुबुळावर हिरवागार चट्टा चमकत होता. शनिवारी खेळायचं नाही, आणि थेंब बंद केले की खूप ठणकेल, हेही त्यांनी सांगून टाकलं.

बाहेर बाकावर आईशेजारी पप्पा बसले होते, शिफ्ट बुडवून.

"काय गो, थांबलं ना दुखायचं? म्हटलं नव्हतं, माझं औषध लागू पडतं?"

त्यांचा चेहरा खुशीत होता. डोळा चुरचुरायला लागला होता.

"पप्पा, बाटली मी आत मॅडमना देऊन आले. शनिवारी मी खेळणार नाय. आणि आई, आज मी कितीही रडले, तरी दुसरी बाटली आणायची नाय."