तळ्याकाठच्या कॉलनीतले पुतणे

लातूर जिल्हा झाला आणि गावाबाहेरच्या तळ्याकाठी एक कॉलनी उठली. प्लॉट विकणाऱ्यानं 'तळ्याचा गार वारा, फक्त फॅमिली वस्ती' अशी पाटी ठोकली होती. त्या साली पावसानं पाठ फिरवली, तळ्याचा तळ भेगाळला आणि वाऱ्यासोबत घरात यायची ती नुसती माती. तरी कॉलनीवाले पाहुण्याला गच्चीवर न्यायचेच. पाहुणा भेगांकडं बघून "लई मोठं हाय हो," म्हणायचा आणि जिना उतरायचा.

कॉलनीत सात घरं. सातही घरांच्या मागं भाड्यासाठी बांधलेली एकेक खोली. नव्या कचेऱ्यांमुळं कारकून, मास्तर, नर्सा भराभरा येत होत्या आणि खोल्यांना मान आला होता. मान खोल्यांना आला होता, पण ताठली होती मालकांची मान.

पंचशीला सोनकांबळे मुखेडहून बदलून आलेल्या शिक्षिका. नवरा देगलूर डेपोत कंडक्टर. लेक सिंधु जूनमध्ये दहावीत जाणार. हेडमास्तरांनी सुट्टीपुरता शाळेचा एक वर्ग राहायला दिला होता. शाळा उघडली की बाकं परत मांडायची आणि मायलेकींनी बाहेर. एप्रिलच्या पहिल्या रविवारी बाई खोली बघत कॉलनीत आल्या.

पहिलं घर माणिकप्पाचं. त्याचं पेंडीचं दुकान होतं आणि स्वभावही पेंडीसारखाच, तेल काढून घेतलेला. त्यानं खोली दाखवली, खिडकी दाखवली, भाडं सांगितलं, बायकोला चहा ठेवायलाही सांगितलं. जात विचारायला तो काही अडाणी नव्हता. त्यानं आपलं सहज विचारलं, "बाई, देवघर कुठल्या कोपऱ्यात मांडताल?"

"देवघर न्हाई अप्पा. बुद्धाची मूर्ती हाय, बाबासाहेबांचा फोटो हाय. खिळा ठोकला तर चालंल का?"

माणिकप्पाला एकदम आठवण झाली. "अरारा! बसम्मा, आपला पुतण्या येणार हाय की गं निलंग्याहून! इसरूनच गेलो बघा."

चहा आतच राहिला.

शेजारच्या गुरुलिंगकडंही पुतण्या निघाला, तो उदगीरचा. पुढं भाचा, मेव्हणा, पुन्हा पुतण्या. सात घरं फिरून बाई परतल्या तेव्हा कॉलनीची लोकसंख्या एका सकाळीत दीडपट झाली होती. जन्म न घेता माणसं वाढवायची ही कला दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असेल असं वाटत नाही.

मे महिन्यात बोअर आटले आणि टँकर सुरू झाला. पाणी माणशी मिळणार, दर चुलीला एक कार्ड. नाव नोंदवायला कॉलनी सगळ्यात पुढं. माणिकप्पानं आपली चार माणसं लिहिली आणि मग खाली दुसरी चूल मांडली: पुतण्या गुरुपादप्पा, बायको, चार लेकरं. गुरुलिंगनं उदगीरच्या पुतण्याच्या घरची पाच माणसं लिहिली. ज्या पुतण्यांनी बाईला दारातून परत पाठवलं, तेच आता पाणी भरणार होते. एकाही माणसाला यात काही चुकतंय असं वाटलं नाही, कारण खोटं प्रत्येकानं आधी एकदा बोलून घासून ठेवलेलं होतं.

पण सुट्टीत मास्तर लोकांना सरकार मोकळं ठेवत नाही. नावं तपासायचं काम शिक्षकांवर आलं आणि कॉलनीचं रजिस्टर घेऊन पंचशीलाबाईच दारात उभ्या राहिल्या.

"अप्पा, मागची खोली उघडा. सहा माणसं लिहिल्यात."

आत छतापर्यंत पेंडीची पोती.

"झोपतात कुठं हे? पोत्यांवर?"

"गावाकडं गेलेत. येऊनच राहिले."

बाईंनी पेन उघडून हातात धरला. "खोटं लिहिणार न्हाई मी. रिकामी खोली रिकामी म्हणूनच लिहीन. आणि रिकामी असली तर मला द्या. दहा जूनला शाळा उघडते, माझी लेक दहावीला हाय. परवा येते. तोवर ठरवा."

बाई गेल्यावर बसम्मा म्हणाली, "देऊन टाका की. कार्ड जाईल त्यापरीस दोघींचं खरं पाणी तरी येईल घरात."

"तुला काय कळतंय?" माणिकप्पा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

लोकांना म्हणायला काही मिळू नये म्हणून तो त्याच दुपारी एसटीनं निलंग्याला गेला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या तर पोती अंगणात उन्हात पडलेली आणि खोलीत खरोखरचा गुरुपादप्पा. बायको, चार लेकरं, शिवाय सासू. लेकरं पोत्यांवर उड्या मारत होती, सासू बसम्माच्या चुलीपाशी बसून भाकरी जाड झाल्याचं सांगत होती.

"मोजून घ्या बाई," माणिकप्पा छाती काढून म्हणाला. "आम्ही खोटं बोलत न्हाई."

बाईंनी मोजली. सहा लिहिली होती, सात भरली. "किती दिवस राहणार, गुरुपादप्पा?"

"आता काका स्वतः न्यायला आले म्हटल्यावर लगेच कसं जावं?" गुरुपादप्पा भाकरी मोडत म्हणाला. "लेकरांची शाळाबी हितंच करावी म्हणतो."

माणिकप्पाचा चेहरा तळ्यासारखा झाला.

"करा की. दाखले घेऊन या," म्हणून बाई शेजारच्या फाटकाकडं वळल्या.

गुरुलिंग भिंतीवरून सगळं बघत होता. उदगीरच्या पुतण्याला त्यानं वाटणी झाल्यापासून तोंड दाखवलं नव्हतं. बोलावलं तर तो येईल, आणि अर्धी खोली आपलीच म्हणून बसेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. बाटण्याची भीती मोठी असते, पण नातलग येऊन बसण्याची भीती तिच्याहून मोठी. त्या घरात त्या दिवशी धर्म बुडाला तो एवढ्या कारणानं. चांगुलपणाचा संशय कुणी गुरुलिंगवर घेऊ नये.

"बाई," तो आवाज बारीक करून म्हणाला, "आमच्या पुतण्याचं जरा रद्द झालंय. रिकामी लिवा."

"बघू खोली."

बाईंनी दार ढकललं, भिंतीला हात लावून बघितला, कडी दोनदा घालून काढली. भाडं विचारलं. त्यानं माणिकप्पापेक्षा दहा रुपये जास्तच सांगितले.

"मूर्ती आतल्या बाजूला ठेवताल ना? रस्त्यावरनं दिसू नये, एवढंच."

"खोली माझी झाली की मूर्ती कुठं ठेवायची ते मी ठरवीन. जमत असंल तर सांगा, न्हाईतर उदगीरला पत्र टाका, पुतण्याला बोलवा."

गुरुलिंगनं शेजारच्या अंगणात बघितलं. गुरुपादप्पाचं धाकटं पोरगं माणिकप्पाच्या दुकानाच्या उधारीच्या वहीवर मांडी घालून बसलं होतं.

"जमतंय," तो म्हणाला. "लिवा रिकामी."

"आता रिकामी कशी लिहू?" म्हणत बाईंनी पायरीवर बसून रजिस्टर मांडीवर घेतलं, उदगीरच्या पाच जणांवर सरळ रेघ मारली आणि खाली स्वतःचं आणि सिंधुचं नाव लिहिलं.