केकच्या टेबलाचा चौथा पाय

मित्रांनो, मी टेबल आहे. गोल, सागवानी, वयाने बराच जुना आणि सध्या पार वैतागलेला. एका मोठ्या हॉलच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या गर्दीत मी उभा असतो. रिसेप्शन असलं की मला बाहेर काढतात, पांढरं कापड घालतात, त्याची झालर जमिनीपर्यंत सोडतात आणि वर केक ठेवतात. सगळे केककडे बघतात. माझ्या पायांकडे कुणीच बघत नाही, आणि माझी सगळी रड तिथेच आहे.

सुताराने मला घडवलं तेव्हा शेवटी तो स्वतः माझ्यावर चढला आणि त्याने चांगल्या उड्या मारून बघितल्या. "याच्यावर खुशाल हत्ती ठेवा," तो म्हणाला. हत्ती कुणी आणला नाही, पण भेटवस्तूंचे ढीग मी हसत पेलले. येणारेजाणारे माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "काय भक्कम काम आहे!" तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. मग एका गडबडीच्या दिवशी कामगारांनी मला उचलायचं सोडून फरफटत नेलं. दाराला अडकून माझ्या चौथ्या पायाचं टोक तुटलं. सुताराला बोलवायचं ठरलं. ते अजून ठरतंच आहे! तोवर त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतात.

हॉलच्या मॅनेजरना सगळे मागून 'टेन्शन नको' म्हणतात, कारण कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर तेच असतं. लोकांनी गाठू नये म्हणून ते चहा प्यायला माझ्या खोलीत येऊन बसतात. त्यामुळे त्यांचे सगळे फोन मला ऐकावे लागतात.

मध्यंतरी एका नव्या केकवाल्या मुलीचे फोन यायला लागले. आजवर ती घरच्या घरी वाढदिवसाचे छोटे केक करायची. लग्नाचा हा तिचा पहिलाच केक, तोही चार मजली. तो बिघडला तर पुन्हा लग्नाची ऑर्डर कोण देणार, ही तिची धास्ती आवाजातच कळायची.

"सर, टेबल हलत नाही ना? जरा जरी कललं तरी वरचे मजले घसरतील हो."

"मॅडम, टेबल म्हणजे दगड आहे, दगड! टेन्शन नको."

हे सांगताना त्यांचा चहा माझ्यावर हिंदकळून बशीत सांडत होता. ती मला बघायला आली, त्या दिवशी माझ्या खोलीची चावी सापडली नाही. चावी साहेबांच्याच खिशात होती. मला तोंड असतं तर मी त्यांना चार शब्द सुनावले असते.

रिसेप्शनच्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. तिचे बाबा निवृत्त ड्रायव्हर. केकला धक्का बसू नये म्हणून त्यांनी गाडी इतकी सावकाश आणली होती की वाटेत लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मॅनेजरनी मागच्या दाराने बोलावलं होतं, तर तिथे जेवणवाल्यांची पातेली आडवी. पुढच्या दाराशी गेली, तर वॉचमन म्हणाला, "केक मागून." खोकी हातात घेऊन बापलेक नुसते फेऱ्या मारत राहिले. शेवटी कशीबशी आत आली. तिने पाण्याचा पेला माझ्यावर ठेवला, वाकून बारकाईने बघितलं. पाणी अगदी सपाट होतं. खाली पुठ्ठा होता ना! तिने हुश्श केलं आणि एकावर एक मजले चढवले. केक खरंच देखणा झाला होता.

तेवढ्यात साहेब ओरडत आले, "पाहुणे आले! फरशीवर कागदाचा कपटा दिसता कामा नये!"

झाडणाऱ्या मावशींना झालरीखालून पुठ्ठ्याचं टोक दिसलं. त्यांनी ते ओढून काढलं. त्यांचा काय दोष? त्यांना तो पुठ्ठा कशासाठी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी कललो. उरलेल्या तीन पायांवर सगळा जोर लावला, तरी करकरलोच. आयुष्यभर गाडीचे आवाज ऐकलेले बाबा त्या आवाजाने दचकले, कापड वर करून खाली शिरले आणि त्यांनी मला खांदा लावला.

"बाबा! अहो, काय करताय?"

"तू वर बघ गं. केक बघ. खालचं मी बघतो."

त्यांनी पायातला बूट काढला आणि त्याची टाच माझ्या तुटक्या पायाखाली सरकवली. ती अगदी माझ्याच मापाची निघाली. मी सरळ झालो.

मग समारंभभर बाबा माझ्या मागे उभे राहिले, मोजा घातलेला पाय झालरीत लपवून. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "पोट भरलंय हो." त्यांचं पोट किती भरलं होतं ते मला ऐकू येत होतं. केक कापला, टाळ्या वाजल्या, नवरीच्या आईने केकवालीचा नंबर मागून घेतला. ती मात्र बाबांकडेच बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

निघताना ती म्हणाली, "बाबा, बूट घ्या ना."

"राहू दे. उद्या आणखी कुणाच्या तरी पोरीचा केक येईल."

आणि ते एका पायात बूट, एका पायात मोजा असे गाडीकडे गेले. मला भरून आलं. सुतारानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पायाकडे बघितलं होतं.

सकाळी साहेब चहा घेऊन आले. त्यांना बूट दिसला. "विसरतात तरी कसे लोक!" असं म्हणत त्यांनी तो दोन बोटांत धरून ओढला, हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. मग कप माझ्यावर ठेवला. चहा सांडला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कुणीतरी नवीन, घाबऱ्या आवाजाची मुलगी होती.

"टेबल ना मॅडम? दगड आहे, दगड!"

मित्रांनो, कधी त्या हॉलमध्ये आलात, तर आधी झालर उचलून खाली बघा. आणि जमलं तर साहेबांकडून कपाटाची किल्ली मागा. त्यात डाव्या पायाचा एक काळा बूट आहे. तो विसरलेला नाही, माझ्यासाठी ठेवलेला आहे. तेवढा मला परत आणून द्या.