शेवटचं कवा प्यालास?

हरिबा धनगराच्या मेंढरांचा माग काढत सयाजी नाईक तीन गावं हिंडला, आणि प्रत्येक गावात त्याच्या डोक्यातला राग वाढतच गेला. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेला गडी तो! आणि त्याला दारू सोडायला शिकवणार कोण, तर जतकडचा मेंढका!

पण इलाज नव्हता. पलटणीत मापानं मिळणारी रम सुटली आणि गावच्या हातभट्टीवर बिनमापाची सुरू झाली. दिवाळीला त्याची बायको बनुबाई लोणंदला माहेरी गेली, ती आलीच नाही. न्यायला गेला तेव्हा तिचा थोरला भाऊ लालासाहेब दारातच आडवा उभा राहिला. "दाजी, आदी हरिबाच्या बैठकीत बसा. मी सोता यिऊन ऐकनार. मन भरलं तर दुसऱ्या दिवशी बनूला धाडतो. न्हाईतर आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका."

या बैठकीला धड जागाही नव्हती. दिवाळी झाली की हरिबा मेंढरं घेऊन इकडं यायचा, आणि खतासाठी ज्याच्या रानात मेंढरं बसवायची तिथंच त्याचा मुक्काम. दर रविवारी दुपारी दारू सोडू बघणारी चार-सहा माणसं त्याला शोधत यायची. मागच्या रविवारच्या रानात आज नुसत्या लेंड्या होत्या. शेवटी कोरेगावच्या अलीकडं दोन कुत्री अंगावर धावून आली, तेव्हा सयाजीला बैठक सापडली.

कुणी 'या' म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. घोंगड्यावर हरिबा धरून पाच जण बसले होते. लालासाहेब थोडा लांब, बाभळीखाली, फेटा सावरून जज्जासारखा बसला होता. मेंढरांचा वास नाकात शिरला आणि सयाजीला तिथल्या प्रत्येकाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

"आकाराम, तुझं सांग," हरिबा म्हणाला.

आकाराम नावाचा वाळका सुतार खाली बघत म्हणाला, "काल प्यालो. आज न्हाई."

"बरं. बस."

सयाजी उडालाच. काल ढोसलेला माणूस इथं मांडी घालून बसतो, आणि वर त्याला 'बरं' म्हणतात! ही कसली बैठक? आपण दाखवू यांना मर्दाची रीत, असं मनाशी म्हणत त्यानं खिशातली पुरचुंडी सोडली. जेजुरीचा भंडारा त्यानं मुद्दाम बरोबर आणला होता. भंडारा उचलला की विषय संपला, पुढं कोण काय बोलणार? मूठभर भंडारा उजव्या तळहातावर घेऊन तो गरजला, "खंडोबाची आन! आजपास्नं मरंपातूर थेंबाला शिवनार न्हाई!"

लालासाहेबाची मान समाधानानं हलली. सयाजीची छाती फुगली.

"झाड त्यो हात," हरिबा म्हणाला.

"काय म्हनालास?"

"हितं आन चालत न्हाई. मी बिरोबाचा भंडारा चार येळा उचललाय, चारी येळा मोडलाय. एकदा मोडली की मानूस देवाच्या भ्यानं आनखी पितो." हरिबाच्या आवाजात माया नावाला नव्हती. "आमी येकच इचारतो. शेवटचं कवा प्यालास?"

सयाजीनं भंडारा खाली झटकला. अपमानानं त्याचे कान तापले. 'म्हयना झाला' एवढं म्हटलं की काम झालं असतं. तोंडात लवंग होती, वास यायचा प्रश्न नव्हता. उद्या संध्याकाळी बनू घरात चूल पेटवत बसली असती. लालासाहेब कान टवकारून होता.

पण तळवा घामेजलेला होता. भंडारा रेषारेषांत बसला होता. त्यानं धोतराला हात पुसला, पुन्हा पुसला, तरी पिवळा तो पिवळाच. आन घेताना पोटात दारू होतीच. आता त्याच हातानं खोटंही बोलायचं? त्याला खंडोबाची भीती वाटली आणि भीती वाटली याचाच संताप आला.

"सकाळी!" तो ओरडला. "हितं यायला धीर व्हावा म्हनून घेतली! झालं समाधान?"

"बरं. बस," हरिबा म्हणाला.

लालासाहेब उठला. त्यानं धोतराची धूळ झटकली. "दाजी, म्या तुमचं लय ऐकलं. बनू यायची न्हाई." आणि तो स्टेशनच्या वाटेला लागला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

सयाजीनं हरिबाची कोपरी छातीवर मुठीत धरली. "धनगरड्या, माझा संसार मोडलास! एक म्हयना म्हनालो असतो तर काय बिघडत हुतं तुजं?"

"माजं काय बी न्हाई."

कुत्री गुरगुरत जवळ आली. बाकीचे चौघे जागचे हलले नाहीत. सयाजीनं मूठ सोडली आणि तरातरा बांधापर्यंत गेला. समोर वाट होती. लालासाहेब आता बोटाएवढा दिसत होता, आणि त्याच्या अलीकडं, ओढ्यापाशी, भट्टीचा धूर. सयाजीचे पाय थांबले. या माणसांचा त्याला मनापासून तिटकारा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तो बांधावरूनच खेकसला, "हितनं निगालो तर मी सरळ भट्टीवर जानार, सांगून ठिवतो!"

"ठावं हाय," आकाराम खाली बघतच म्हणाला. "आमी बी म्हनूनच हितं बसलोय."