प्रभु वायरमनचा तास

“पुढचं पान दाखवू का?” श्रीदेवीनं विचारलं.

“तेच,” प्रभु म्हणाला.

“म्हंजे दाखवू?”

“तेच, तेच.”

श्रीदेवीनं कीबोर्डवरचं बाणाचं बटण दाबलं. नवी पेठेत नंदीशचं डीटीपीचं दुकान आहे, तिथं ती कामाला होती. लग्नपत्रिका जुळवायच्या, शिकवणीवाल्या सरांच्या स्लाइडा करायच्या, असलं काम. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून आज ती नवऱ्याला रिक्षात घालून सोबतच घेऊन आली होती.

प्रभु वीज कंपनीत वायरमन. खांबांवर चढून चढून गुडघे बोलायला लागले, तेव्हा साहेबांनी त्याला नव्या भरतीच्या पोरांना शिकवायला बसवलं. ‘खांबावर चढण्याआधी’ हा त्याचा तास. आणि काय सांगावं, गड्याला तिथं असा काही सूर सापडला की तासाच्या आदल्या दिवशी तो घरात गुणगुणत हिंडायचा. मुळात बोलका माणूस. भाजी आणायला गेला की भाजीवालीच्या माहेरचं सगळं ऐकून यायचा आणि भाजी विसरायचा.

त्याच माणसाला श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, एक हात थोडा लुळाच राहिला, वाचा मात्र गेली. एवढ्या बोलण्याच्या ढिगातून तोंडात एकच शब्द उरला, ‘तेच’. भूक लागली तरी तेच, लाइट गेली तरी तेच, बायकोवर चिडला तरी तेच. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, फक्त बाहेर येत नाही. हे ‘फक्त’ म्हणायला डॉक्टरांच्या बापाचं काय जातं, असं श्रीदेवीच्या मनात आलं होतं.

साहेब भले होते. घरी येऊन चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, “वहिनी, शनिवारी नवी बॅच आहे. स्लाइडा लावून त्यांचा तास निभला, तर मी त्यांना ट्रेनिंगलाच ठेवून घेतो. नाहीतर मेडिकल बोर्डाकडे कागद पाठवावा लागेल. ते काही माझ्या हातात नाही.”

कागद गेला की प्रभु घरी बसणार. आणि घरी बसला की हा माणूस खचणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आत्ताच तो सकाळी गणवेशाचा शर्ट घालून पलंगावर बसून राहायचा.

त्याच्या फोनमध्ये तासाची टाचणं सापडली. साधा मजकूर, मथळा आणि खाली आडव्या रेघा मारून मुद्दे. श्रीदेवीच्या कामाची तऱ्हाही नेमकी तीच. मथळ्यापुढं हॅश टाकायचा, मुद्द्यापुढं रेघ, नवं पान हवं तिथं तीन रेघा. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की एकेक पान स्लाइड होऊन उभं राहतं. तिनं चार-दोन खुणा टाकल्या आणि नवऱ्याचा अख्खा तास पडद्यावर उभा राहिला.

नंदीशनं मागून वाकून पाहिलं. “वहिनी, काम आयतंच झालंय की. दादांनी मुद्दे काढूनच ठेवलेत.”

“मुद्दे हायेत,” श्रीदेवी म्हणाली. “बोलणं कुटं हाय?”

सुरुवातीची पानं सरळ होती. हातमोजे तपासणे. पट्टा बांधणे. लाइन बंद असल्याचं परमिट घेतल्याशिवाय न चढणे. लाइन बंद असली तरी अर्थिंग करणे, म्हणजे तार जमिनीशी जोडणे. सहाव्या पानावर अपघात कसे होतात ते होतं. आणि सातव्या पानावर मोठ्या अक्षरात एकच नाव, ‘सिद्धराम’. त्याखाली एक मुद्दा, ‘थोडं थांबणे’. बस्स. पुढं आठवं पान, ‘काही प्रश्न?’

“हे सिद्धराम कोण ओ?” तिनं विचारलं.

प्रभुचा चेहरा उजळला. “तेच,” तो म्हणाला आणि खुर्चीवरच सरसावून बसला.

“तुमच्याबरोबर कामाला होते?”

त्यानं मान हलवली, होकाराची.

“का गावाकडचे कोण?”

त्यालाही होकार. झटक्यानंतर त्याचं हो आणि नाही एकमेकांत मिसळून गेलं होतं. चहा नको असला तरी मान हो म्हणायची आणि मग कप तसाच निवायचा.

“हायेत का ते? का गेले?”

यावर प्रभु हसला. आजारानंतर पहिल्यांदा, पोटातून, पूर्वीसारखा खो खो हसला.  डॉक्टरांचं बोलणं आठवून श्रीदेवीनं त्यांच्या घरच्या कानडीत विचारून पाहिलं, घरची भाषा आधी परतते म्हणे. “सिद्धराम यारु?” कोण हा सिद्धराम?

प्रभुनं ओठ जुळवले, गळ्याच्या शिरा ताणल्या. “अदे,” तो म्हणाला. कानडीतही तेच.

तिनं गुरुशांतला फोन लावला. तो प्रभुचा जुना जोडीदार, निवृत्त होऊन जेऊरला शेती बघत होता.

“सिद्धराम व्हय?” गुरुशांत म्हणाला. “ते वैनी, त्यो वर्गात सांगायचा काय तरी. लई हसायची पोरं, बाहेरपतूर आवाज यायचा.”

“पण काय सांगायचे?”

“आमी कशाला ऐकतोय? त्याचा तास सुरू झाला की आमी च्या प्यायला जायचो की.” मग म्हणाला, “एकदा ऐकायला पायजे हुतं.”

श्रीदेवीनं फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं तिला ट्रान्सफॉर्मरपासून टपरीपर्यंत सगळं सांगितलं होतं. ती पोळ्या लाटता लाटता हूं हूं करायची. कदाचित हेही सांगितलं असेल आणि तिनं हूं म्हटलं असेल. तिला स्वतःचाच राग आला.

“उडवून टाका की ते पान,” नंदीश म्हणाला. “निदान थांबणे-बिंबणे तरी काढा. ते त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं दिसतंय.”

तिनं ओळ निवडली तोच प्रभुनं तिचं मनगट धरलं. बऱ्या हातानं, चांगलं घट्ट. त्याच्या इतक्या शब्दांतून एवढेच उरलेत, त्यातलेही आपण कोण पुसणार, असं तिला वाटलं. तिनं पान होतं तसं ठेवलं.

शनिवारी प्रभु इस्त्रीचा गणवेश घालून वर्गात उभा राहिला. पंचवीस-तीस पोरं होती, चार-पाच मुलीही. साहेब मागच्या भिंतीशी बसले. श्रीदेवी लॅपटॉपपाशी. तिनं पहिला मुद्दा वाचला आणि प्रभुनं हातमोजा उचलला, त्यात हवा भरून मनगटाशी पिळला आणि कानाशी नेला. कुठं भोक असेल तर हवा सुटते, ते न बोलता सगळ्यांना कळलं. पट्टा त्यानं एका पोराला बांधून दाखवला आणि मागून असा हिसका दिला की वर्ग हसला. अर्थिंगचा दांडा आधी कुठं जोडायचा ते तर त्यानं दोनदा करून घेतलं. श्रीदेवीनं मागं वळून पाहिलं. साहेब मान डोलावत होते. निभलं, तिला वाटलं. निभतंय.

अपघाताच्या पानावर वर्ग गंभीर झाला. पुढच्या बाकावरची सृष्टी नावाची मुलगी मुद्दे उतरवून घेत होती. तिचा मोठा भाऊही वायरमन होता, हे तिनं आल्या आल्या सांगितलं होतं.

श्रीदेवीनं बटण दाबलं. सातवं पान आलं.

प्रभुनं पडद्याकडं पाहिलं आणि बरा हात लुळ्या हातावर चोळला. मग तो थांबला. कसलेला माणूस थांबतो तसा, एकेकाच्या तोंडाकडं बघत. सगळे पुढं झुकले.

“तेच,” प्रभु म्हणाला. त्यानं खांबावर चढायची नक्कल केली. “तेच. तेच.” वर काहीतरी दिसलं, तो दचकला, त्यानं खाली कुणाला तरी हाक मारली, “तेच?” खालचा काय म्हणाला तेही त्यानं केलं, दुसऱ्या आवाजात, “तेच.” आणि तो स्वतःच हसायला लागला. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं.

वर्गात कुणी हसलं नाही. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, मग पडद्याकडं. नुकतंच अपघाताचं पान, त्यानंतर एकट्याचं नाव, खाली थांबायला सांगितलेलं. आणि समोर गणवेशातला म्हातारा होत चाललेला माणूस, रडणारा.

“त्यांचे जोडीदार गेले असतील गं,” सृष्टी शेजारणीला हळूच म्हणाली आणि उठून उभी राहिली. शेजारीण उठली. बाकं सरकली, सगळा वर्ग उभा राहिला आणि त्यांनी माना खाली घातल्या. साहेबही उठले.

प्रभु बरा हात खालीवर हलवू लागला. बसा, बसा. “तेच, तेच,” तो म्हणत होता, आणि त्याची मान मात्र होकाराची हलत होती. कुणी वर बघेना. मग त्यानं श्रीदेवीकडं पाहिलं. तू सांग.

ती उठली. बसा रे पोरांनो, ही हसायची गोष्ट आहे, एवढं तिला म्हणता आलं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, कसली गोष्ट? कोण सिद्धराम? ती परत लॅपटॉपपाशी बसली.

साहेब भिंतीकडून तिच्याजवळ आले. “वहिनी, राहू द्या आता,” ते पुटपुटले. “उगीच त्रास नको त्यांना. मी कागद पाठवतो सोमवारी.”

प्रभुचा हात हवेतच राहिला होता. त्यानं उभ्या राहिलेल्या पोरांवरून एकदा नजर फिरवली. तरुण पोरं, हात बांधून, अगदी मनापासून गप्प. तो हात त्यानं सावकाश खाली घेतला, दुसरा लुळा हात त्याच्याशी कसाबसा जुळवला, आणि त्यांच्यासारखीच मान खाली घालून उभा राहिला.