अनिरुद्धच्या गाडीचे ब्रेक

मालनबाईंना त्या व्हिडिओ गेमचा भारी राग होता. अनिरुद्ध ऑफिसातून विद्यानगरच्या फ्लॅटवर आला की चहा गार होईपर्यंत टीव्हीसमोर. गेममध्ये मोकळं जग, डोंगर, समुद्र, डोळे दिपवणाऱ्या मोटारी. आणि चिरंजीव चालवणार काय, तर जपानची काडेपेटीएवढी पिवळी गाडी! तसल्याच चिमुकल्या गाड्यांचा त्याचा नि मित्रांचा क्लब होता म्हणे. गेममधल्या एका घाटात कंपनीतून आलेल्या, काही न बदललेल्या छोट्या गाड्याच सोडत. ही मंडळी दर आठवड्याला तिथे रांगेनं फिरत. वेडेच सगळे.

त्याची खरी स्कूटर मात्र कशीही चाले. ब्रेक कर्कश ओरडत. "करून घे रे," मालनबाई म्हणत. "हौ माय, संडेला," तो म्हणे. तो रविवार आलाच नाही. हिमायतनगरच्या चौकात ब्रेक लागला नाही आणि एकुलतं एक लेकरू गेलं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला क्लबमधली रोशनी आली होती. "मावशी, शनिवारी आम्ही गेममधल्या त्या घाटात अनिरुद्धच्या नावानं फेरी काढतोय. त्याची गाडी सगळ्यात पुढं पाहिजे, आणि ती तुम्ही चालवायची."

मालनबाईंनी जन्मात सायकलही चालवली नव्हती. पण रोशनी रोज येऊन शिकवत राहिली आणि त्यांचाही हात बसला. त्या पिवळ्या गाडीत बसलं की लेक शेजारीच आहे असं वाटे. त्याच्यासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं, म्हणून फेरीकडे त्यांचा सारा जीव लागला.

शनिवारी दुपारी त्या एकट्याच टीव्हीसमोर बसल्या. लेकाची गाडी चार माणसांत न्यायची, तर जरा नीटनेटकी करून न्यावी, म्हणून गेममधल्या गॅरेजात शिरल्या. रंगाला हात लावला नाही. मग ब्रेकचं चित्र दिसलं. तिथले सगळ्यात भारी ब्रेक त्यांनी बसवले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना दुपारची झोप लागली.

संध्याकाळी रोशनी आली. पण गाडी काही केल्या घाटात शिरेना.

"मावशी, ब्रेक बदलले का तुम्ही?"

"हो बाई. चांगले बसवले."

रोशनी त्यांच्याजवळ सरकून म्हणाली, "टेन्शन नक्को, मावशी. काही बदललं की घाटात सोडत नाहीत, पण जुने परत लावता येतात. हे बटन दाबा, बस."

पडद्यावर घाटाच्या तोंडाशी अनिरुद्धचे मित्र गाड्या लावून थांबले होते. कुणी इथल्याच गौलीगुड्यातून, कुणी पार पुण्यातून खेळत होतं. मालनबाईंनी बटनावर अंगठा ठेवला. तो खाली जाईना.

"मी दाबू का?"

"खबरदार!" मालनबाई ओरडल्या आणि त्यांना रडू फुटलं. "माझ्या लेकराच्या गाडीचे चांगले ब्रेक काढून ते जुने लावू? नाही ग. नाही व्हायचं माझ्यानं."

"मावशी, हा गेम आहे..."

"ठाऊक आहे मला. सगळं ठाऊक आहे."

रोशनीही रडत होती. तिनं फोन करून मित्रांना निघायला सांगितलं. एकामागून एक गाड्या घाटात दिसेनाशा झाल्या. सगळ्यात पुढची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती. मालनबाई उठून टीव्हीजवळ गेल्या आणि पडद्यावरच्या पिवळ्या गाडीवरून त्यांनी हात फिरवला.

"जाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "तू घरीच थांब, बाळा."